बसतेस का गं?

सायकलवरून पुढे चाललेल्या ताईंनी परत कोपर झटकलं. उजवं. कोंबडी पंख झटकते ना, अगदी तसं.

मागून येणारी रिसेप्शनिस्ट मुकाट्याने आणखी थोडी मागे राहिली. आता मला सांगा, एवढ्या चढावर आपणहून मागे कोण राहतं? पण तिला वाटलं, ताई म्हणतायत, लांब हो, चिकटू नकोस. कोपरापासून नमस्कार म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

ही दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांना 'बसा, बोलावते' म्हणायचं. सायकलच्या शिबिराला जाते म्हटल्यावर जाऊबाई पोट धरधरून हसल्या. "चढच चढायचाय ना? मग गच्चीवर कपडे वाळत घाल की!" हिनेही तिथल्या तिथे ठणकावलं, शेवटच्या दिवशीचा मोठा चढ सायकलवरून चढले नाही, तर सायकल विकून टाकीन. बोलून तर बसली. आणि आज तो शेवटचा दिवस होता, हा तो चढ होता, आणि वारा असा समोरून येत होता की जणू जाऊबाईंनीच पाठवलाय.

शिबिरात शिकवणारे सगळे जुने शर्यतवाले. सायकल चालवण्याचा पगार मिळायचा त्यांना, विचार करा! त्यात ताईंचं नाव निघालं की बाकीचे शिक्षकसुद्धा सरळ उभे राहायचे. अशा बाईने घ्यावी कुठली तुकडी? तर हिची, कासवांची! आणि आज चढ सुरू होताच ताईंनी बाकीच्या कासवांना पुढे पिटाळलं. "व्हा तुम्ही. मी हिच्याबरोबर येते."

हिच्याबरोबर! म्हणजे दयाच की. रिसेप्शनिस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे दया आणि मागे जीप. दमलेल्यांना उचलायला जीप ठेवलेली. पहिल्या दिवशी हिचं चाक पंक्चर झालं, तेव्हा ही बसली होती तिच्यात. तेव्हा जीपवाले काका कसे अदबीने बोलले होते. "बसा मॅडम, सावकाश. पाणी देऊ?" आणि आज? आज जीप पहिल्या गिअरमध्ये घरघरत अगदी पाठीशी आली आणि खिडकीतून हाक आली.

"बसतेस का गं?"

गं? परवा मॅडम आणि आज गं? म्हणजे हरायला लागलं की माणसाचा 'अहो'सुद्धा जातो? तिने दात आवळले. मागे वळून पाहिलंच नाही. पायडल, पायडल, पायडल. मांड्यांची पार लाकडं झाली होती.

पुढे कोपर. फट्. ती आणखी मागे राहिली. वारा आता सगळाच्या सगळा तिच्या छातीवर.

"बसतेस का गं? पुरे झाला हट्ट!"

पुन्हा कोपर. फट्, फट्.

झालं! तिच्या डोक्यात तिडीकच गेली. एक पुढून हाकलतेय, एक मागून उचलायला टपलाय, मी काय भाजीची पाटी आहे? कुठून बळ आलं देव जाणे, उभी राहून पायडल हाणत ती थेट ताईंच्या बरोबरीला आली.

"ताई, माझी सोबत नको असेल, तर जा ना तुम्ही पुढे! सारखं कोपराने हाकलताय कशाला?"

चढ सुरू झाल्यापासून ताईंचा चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला. पांढराफटक. ओठ आवळलेले.

"हाकलतेय? अगं बये, बोलावतेय तुला!" ताईंना वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागला. "कोपर हलवलं की मागच्याने पुढे यायचं, वारा आपल्या अंगावर घ्यायचा. पहिल्याच दिवशी शिकवलं की सगळ्यांना!"

पहिल्या दिवशी ही जीपमध्ये होती. आलं लक्षात?

"मी? मी पुढे येऊ? तुमच्या?"

"ये की लवकर! किती वेळ बोंबलतंय माझं कोपर!"

ती पुढे गेली. आणि पुढे गेल्यावर कळलं, पुढे कुणीच नसतं. नुसता रस्ता आणि वारा. वारा थोबाडीत मारत होता. मागून ताईंचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. तो तुटायला लागला की ही घाबरायची.

"थोडं हळू," मागून आवाज आला. "हां... अस्संच. आता सोडू नकोस."

हळू! ताई तिला हळू म्हणाल्या! जाऊबाईंनी ऐकायला हवं होतं. मग तिला मांड्या आठवल्या नाहीत, जीप आठवली नाही, सायकल विकायचंही आठवलं नाही. फक्त मागचा श्वास. तो चालू राहिला पाहिजे, बस्स.

आणि रस्ता अचानक सपाट झाला. माथा! पुढे गेलेली कासवं आरडाओरडा करत टाळ्या वाजवत होती. ती सायकलवरून उतरली की पडली, तिचं तिलाच कळलं नाही. पण उठली ती तडक जीपकडे निघाली. हिशेब चुकता करायचा होता ना!

"पाहिलंत काका? नाही बसले! आणि एक सांगून ठेवते, मला अगंतुगं केलेलं चालणार नाही!"

काका तिच्याकडे बघतच नव्हते. जीपचं दार सताड उघडं टाकून ते धावत तिच्या शेजारून गेले. ताई रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसल्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं. काकांनी खाली बसून त्यांचा गुडघा दोन्ही हातांत धरला. गुडघ्यावर ऑपरेशनचा लांबलचक व्रण होता, अजून गुलाबी.

"चढले ना मी?" ताई म्हणाल्या. "ऑपरेशननंतरचा पहिला चढ!"

काकांनी बाहीने डोळे पुसले आणि मान वर करून रिसेप्शनिस्टकडे पाहिलं. "अहो मॅडम, तुम्हाला कोण बसा म्हणत होतं? मी माझ्या लेकीला विचारत होतो."