कादंबरीतलं लग्न

“अंतरपाट कोराच आणा हं, गुरुजी. आणि मंगलाष्टकं पूर्ण म्हणायची, गाळायची नाहीत,” वसंतरावांनी फोनवर बजावलं. मग रिसीव्हर ठेवून ते मुलीकडे वळले. “पुस्तकातलं लग्न म्हणून उरकून टाकलेलं मला चालायचं नाही.”

भार्गवीने मान डोलावली. बाबांचं लक्ष मुंडावळ्यांच्या पुड्याकडे होतं.

विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर वसंतरावांनी जयपूरच्या जवाहर नगरातल्या घराच्या गच्चीत बसून कादंबरी लिहिली. पुण्याच्या प्रकाशकांनी ती साभार परत केली, तेव्हा पदरमोड करून स्वतःच छापली. जयपुरात मराठी वाचणारे असे कितीसे? स्कूटरला गठ्ठा बांधून ते सी-स्कीम या ऑफिसांच्या भागात फिरत आणि पाटीवर मराठी आडनाव दिसलं की त्या ऑफिसात शिरत. लोक चहा पाजत, पुस्तक ठेवून घेत आणि वाचत मात्र नसत. म्हणून त्यांनी नामी युक्ती काढली. कादंबरीतली पात्रंच जिवंत करून लोकांसमोर उभी करायची! रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शेवटचा प्रसंग, म्हणजे नायिका मैत्रेयीचं लग्न, साग्रसंगीत लावायचं.

थंडीचे दिवस होते. गच्चीत ऊन रेंगाळत असे आणि बाबा पात्रांबद्दल बोलत राहत. “मैत्रेयी आज गप्प गप्प आहे,” असं ते नाश्त्याला म्हणत, आणि भार्गवीला क्षणभर खरंच वाटे की ती समोरच्या खुर्चीत पोह्यांची बशी घेऊन बसली आहे. मैत्रेयीचं काम तिच्याचकडे आलं होतं. नवरदेव अमेयसाठी मुलगा शोधायचं कामही.

“बघ तुझ्या ओळखीत कुणी,” बाबा म्हणाले होते. “पण खरं नाव सांगू नकोस मला. खरं नाव कळलं की पात्र मोडतं.”

तिथेच तिच्या डोक्यात एक बेत आला.

चंदन माथुर आणि ती जगतपुऱ्याच्या कॉलेजात एका वर्गात होते. मागल्या वर्षी तिने घरी त्याचं नाव काढलं, अजमेरचं घराणंही सांगितलं, तेव्हा नेमके साताऱ्याहून काका आणि आत्या आलेले. सगळ्यांदेखत बाबा कडाडले, “मराठी न येणारा जावई मी करणार नाही. विषय संपला!” मुलाला त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आणि बाबांनी एकदा दिलेला शब्द फिरवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पुढे घरात तो विषय निघाला नाही. बाबा लिहायला बसले आणि भार्गवी एकटीच कुढत राहिली.

तालमीला चंदन आला, तो अमेय म्हणून. जयपुरात वाढलेली मराठी पोरं अडखळतच बोलतात, त्यामुळे त्याचं मराठी खपून गेलं.

“मी तुमच्या मुलीला... मतलब, मैत्रेयीला सुखात ठेवीन, काकाजी.”

“नुसतं काका म्हण,” बाबांनी दुरुस्त केलं. “आणि ते मतलब सोड.”

पुस्तक मात्र त्याने बोट ठेवून ठेवून शेवटपर्यंत वाचलं होतं. एकदा त्याने विचारलंही, “काका, मैत्रेयीचे वडील इतके हट्टी का आहेत?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “हट्टी नाही रे तो. अडकलाय बिचारा,” ते म्हणाले आणि पुढचं वाक्य घ्यायला सांगितलं.

बेत सरळ होता. गुरुजी खरे, मंत्र खरे, साक्षीला अख्खं मंडळ. सप्तपदी झाली की बाबांना सांगायचं, हे आमचंच लग्न. अजमेरला चंदनच्या घरीही मागाहूनच कळवायचं. त्यालाही तिथे तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

रविवारी हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन आत उतरलं होतं. कादंबरीतले पोस्टमास्तर खुर्च्या मांडत होते, मैत्रेयीची आत्या गजरे वाटत होती. दारापाशी पुस्तकांची थप्पी होती आणि आज लोक ती चाळत होते. भार्गवी पिवळ्या शालूत पाटावर उभी राहिली, तेव्हा आपण कोण आहोत हे तिचं तिलाच कळेना. अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या. पलीकडे चंदन होता.

कन्यादानाला बाबा बसले. आईने झारीची धार धरली. बाबांचे हात पहिल्यांदाच इतके म्हातारे दिसले आणि भार्गवीला भडभडून आलं. आपल्या बापाला आपण भर मांडवात फसवतोय! तो हात हातात असताना हे तिला सोसेना.

“बाबा, थांबा,” ती पुटपुटली. “मला सांगायचंय काहीतरी.”

“पुस्तकात मैत्रेयी इथे बोलत नाही,” बाबा खालमानेने म्हणाले.

“बाबा, पण हे—”

“मुली, गप्प बस.” त्यांनी तिचा हात चंदनच्या हातात ठेवला आणि घट्ट दाबला. गुरुजींनी मंत्र पुढे नेला.

सप्तपदी झाली. टाळ्या थांबेनात. भार्गवी डोळे पुसून सगळं सांगायला पुढे झाली, तोवर बाबा व्यासपीठावरून उतरून थेट मागच्या रांगेकडे निघाले होते. तिथे गुलाबी साफा बांधलेले एक गृहस्थ आणि डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना पाहून चंदनचा चेहरा पांढराफटक पडला.

“मम्मी? पापा?”

वसंतरावांनी त्या दोघांपुढे हात जोडले.

“माफ करना, समधीजी,” ते म्हणाले, “मुँह से निकली एक ‘ना’ वापस लेने के लिए पूरी किताब लिखनी पड़ी.”