रेघेपाशी डोळा

आपल्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनात लावायची फोटोची प्रिंट तिसऱ्यांदा फिकी निघाली तशी रेवती बापावर कडाडली. "बाबा, डेव्हलपरचं औषध मोजलं होतं की नुसतंच ओतलं होतं?"

"जन्म गेला माझा या डार्करूममध्ये," तेही तोऱ्यात म्हणाले. "मला मोजायला शिकवू नकोस."

"मग माझ्यासमोर मोजा."

लाल दिव्याखाली, टेबलावरच्या बारीक मोजनळीत त्यांनी औषध ओतलं आणि उभ्यानेच वरून बघत म्हणाले, "हे बघ, बरोबर रेघेवर."

रेवतीने वाकून पाहिलं. औषध रेघेच्या चांगलंच खाली होतं. तिचं टाळकंच सरकलं. "वरून बघितलं की कमी भरतं, हे शिकताना लहानपणी तुमच्या टपल्या खाल्ल्यात मी. आणि आता तुम्हीच? वाका ना जरा."

"वाकता आलं असतं तर वाकलो नसतो?" बाबा खेकसले. "कंबर धरलीय दिवाळीपासून."

रेवतीने फोटोच्या कागदांची रिकामी खोकी एकावर एक रचून मोजनळी थेट बाबांच्या डोळ्यांसमोर आणली.

त्यांनी नजर रेघेला लावली, थेंबाथेंबाने औषध वाढवलं आणि तिच्याकडे न बघताच गुरगुरले, "एवढं आधी सुचू नये का तुला?"