सत्यभामा का आली नाही?

ही गोष्ट २०१९ सालची. दिघोरीच्या रत्नमालाबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्यांचा ग्रुप काढला. दर शनिवारी बाई एक विषय देत; त्यावर चार ओळींची गोष्ट लिहायची. पण ग्रुपवर गोष्टींऐवजी फुलांचे फोटोच येत.

"या शनिवारीही कोणी लिवलं नाही तर बंद कर, आई," मुलगा अश्वजित म्हणाला.

बाईंनी जड मनाने विषय टाकला: 'ती आज का आली नाही?'

संध्याकाळी पाहतात तर विषय चुकून पडला होता त्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला येणाऱ्या बायांच्या ग्रुपवर. नेमकी त्याच दिवशी सत्यभामा रोवणीला आली नव्हती. बायांनी उत्तरांचा पाऊस पाडला होता.

"नवरा रुसला असन, त्याले मनवून राहिली."

"आंबागडच्या किल्ल्यात खजिना सापडला तिले. आता कायले येते चिखलात!"

शेवटी खुद्द सत्यभामेने लिहिलं होतं: "मी तं दिवसभर तुमच्या संगच होती ओ बायांनो. कोणालेच दिसली नाही का?"

बाईंच्या अंगावर काटा आला. मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की अश्वजित धावत आला.

"आता नाही बंद होत रे," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून बाई शनिवारचा विषय बायांच्याच ग्रुपवर टाकू लागल्या; फुलांचा ग्रुप पुढे आपोआप विझला. अश्वजित भंडाऱ्याला नोकरीला लागला. तोही आता दर शनिवारी लिहितो, पण बायांपुढे त्याचा नंबर लागत नाही. पहिली येते सत्यभामाच. त्या दिवशी ती कुठे होती, हे बाईंना अजूनही कळलेलं नाही. विचारलं की ती दर वेळी नवी गोष्ट सांगते.