आयी

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या शाळेत जायला लागल्यापासून मुक्ता तिथल्या मुलांसारखी आईला ‘मॅम’ म्हणू लागली. रेवतीने मराठीत काहीही विचारलं, तरी उत्तर इंग्रजीतच. “अगं, आई म्हण ना,” असं तिने कितीदा तरी विनवून पाहिलं. “मॅम इज ग्रँड!” म्हणत पोरगी पळून जायची.

मग शेजारी एक चिनी कुटुंब राहायला आलं. त्यांची चिमुरडी युतोंग दारात येऊन अदबीने म्हणाली, “आयी हाव!”

रेवतीला एकदम गलबलून आलं. युतोंगची आई हसली. “‘नमस्कार मावशी’ म्हणतेय. आमच्यात मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, आयी म्हणतात.”

त्यानंतर रोज कुंपणापलीकडून “आयी, आयी” सुरू झालं आणि रेवतीही तोंडभरून ओ देऊ लागली. एका दुपारी तिने युतोंगच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला, तोच घरातून मुक्ता तरातरा बाहेर आली. रेवतीचा कुर्ता घट्ट धरून ती युतोंगवर चक्क मराठीत ओरडली, “तुझी ती मावशी आहे! आई फक्त माझी आहे!”