डावा फरा

संग्रहालयाच्या साहेबांनी शाळेच्या पोरांना हरणाच्या सांगाड्यापुढे बसवलं आणि म्हणाले, "शंका बिनधास्त विचारा!" शेजारी साफसफाईच्या मावशी वाघाच्या दातांतली धूळ काढत होत्या.

एक मुलगी उठली. "साहेब, उजव्या खांद्याला डावा फरा लावलाय. खांद्याच्या या चपट्या हाडावरची धार बाहेर पाहिजे, ती आत गेलीय."

"हा सांगाडा मी स्वतः जोडलाय. तुला कुणी शिकवलं हे?"

"बाबांनी. आमचं मटणाचं दुकान आहे."

पोरं खो खो हसली. साहेबांचा चेहरा मात्र उतरला. "इथे दुकानातली अक्कल पाजळायची नाही. माफी माग आणि खाली बस."

मुलगी जागची हलली नाही.

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं, दोरी ओलांडली, तार सोडवली आणि फरा थेट साहेबांच्या हातात ठेवला.

"मावशी! तुम्हाला काय कळतं यातलं?"

"मला वाचता येतं, साहेब."

हाडाच्या आतल्या अंगाला जुन्या शाईत लिहिलं होतं, 'डावा'.

वीस वर्षं मावशी अख्खं हरीण रोज घासूनपुसून काढत होत्या, तेवढी दोन अक्षरं सोडून.