भुताच्या खेळातले दाजी

हेमांगीनं बनवलेला भुताचा खेळ जेमतेम दहा मिनिटांचा होता. कपाळाला पट्टी बांधली की तो मनात शिरायचा आणि माणूस ज्याला सगळ्यात जास्त भितो, त्यालाच भूत करून त्याच्या घरात उभं करायचा. भूत अदबीनं विचारायचं, "आत्ता घाबरता, की चहा घेऊन?" लोक आधी खो खो हसत, मग किंचाळत. "न्हाणीघरात गणिताचे मास्तर निघाले, आई गं!" असं एकानं कळवलं होतं.

प्रत्येकाचं भूत हेमांगीला तिच्या पडद्यावर दिसे. पण ती वाट पाहत होती फक्त दाजींची. दिवाळीत ताई धरणात बुडाली, तिचा फोनही बुडाला, असं दाजी सांगत. त्यांनीच ढकललं, याबद्दल हेमांगीला शंका नव्हती, पण तिच्याकडे पुरावा नव्हता.

आज दाजींनी पट्टी बांधली. खेळ कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता ताई येणार आणि दाजींची बोबडी वळणार, म्हणून हेमांगी डोळे ताणून बसली. दार उघडून आली ती मात्र हेमांगीच. मेलेल्या बायकोची त्यांना भीतीच नव्हती!

पडद्यावरची हेमांगी चहाला थांबली नाही. तिनं तडक तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि ताईचा फोन वर काढला.

"तिथं नको!" दाजी ओरडले.

खऱ्या हेमांगीनं फौजदारबाईंना फोन लावला. "मॅडम, दाजींकडे जेवायला येता का?" ती म्हणाली. "भात मी लावते."