उकंडा

बारशाच्या सकाळी कौशल्येने बाळाला न्हाऊ घातले, काजळ लावले आणि नवऱ्याला पुन्हा विनवले, "उकंडा नाव ठेवा जी. उकिरड्यावरचं पोर यम उचलत नाई. आदीचे दोन गेले आपले."

"अकोल्यात कापसाले सोन्याचा भाव, अन् माह्या वारसाले उकिरड्याचं नाव? राजेश्वरच ठेवू!" महादेवराव गरजले.

नाव सांगण्याचा मान बाळाच्या आत्याचा. जमलेल्या बायकांसमोर कौशल्येने शांतपणे नणंदेच्या ओटीत आपले नेसून विटलेले लुगडे घातले.

"मले भिकारीन समजली काय, वैनी? मंग तुह्या पोराले उकिरड्याचंच नाव!" नणंद कडाडली. ती पाळण्यावर वाकली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशी बाळाच्या कानात ओरडली, "उकंडा!"

महादेवराव धावले, पण आत्याने कानात सांगितलेले नाव बदलता येत नाही.



कौशल्येने पदराआड नणंदेला हात जोडले.